वन्सं, तुमचा तुकडा चांगलाच आहे

दुबलगुंडी,
आषाढातला शनिवार, दुपार (तुमचे अण्णा झोपलेत तेवढ्यात)

सौ. मंजुश्रीवन्सं यांस,

नागूबाईचा नमस्कार आणि आशीर्वादही. (नात्यानं तुम्ही नणंद, म्हणून मोठ्या, वयानं मी मोठी. दोन्ही पाठवलेत. लागेल ते ठेवून घ्या, उरलेलं दाजींना द्या.) तुमची तब्येत कशी आहे? पोटावरची शिवण अजून खाजते का? जड उचलायची मनाई संपली असं डॉक्टर म्हणले होते, पण ते दाजींना सांगायची काही घाई न्हाई. पाण्याची घागर त्यांनाच उचलू द्या, त्यांच्याही पोटाला बरं आहे. शाळा जोरात चालू असेल. मी लिहिताना शाळेतली भाषा येते आणि मधेच घरातली घुसते, तर तुम्ही मास्तरीण आहात म्हणून लाल पेन घेऊन बसू नका. एवढं मोठं पत्र मी लग्नाआधी बारावीच्या परीक्षेतसुद्धा लिहिलं नव्हतं, आणि तिथं तरी खाडाखोड चालत होती.

इकडं सगळे खुशाल आहेत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं असं समजू नका, आज ते खरं आहे. मधे काही दिवस खरं नव्हतं, आणि तेव्हाही आम्ही तुम्हाला फोनवर हेच म्हणत होतो. मागच्या आठवड्यात तुम्ही फोन केलात, हिकडचं तिकडचं बोललात, आणि ठेवता ठेवता बारीक आवाजात विचारलंत, "वैनी, माझ्याकडनं काई कमी पडलं का?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन बंद. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. तुमचा भाचा पप्पू म्हणतो, उदगीरच्या बाजारात कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की उद्धवरावांना बहिणीचं बसवलेलं लिव्हर खराब निघालं. ज्यानं सांगितलं त्याचं नाव कळू द्या, त्याचं मी बघते. पण त्याआधी खरं काय झालं ते तुम्हाला पहिल्यापासून सांगते. फोनवर जमत न्हाई, कारण आजारापासून तुमच्या अण्णांचे, म्हणजे आमच्या ह्यांचे, कान लई तिखट झालेत. मी फोन हातात घेतला की हे कुठं का असेनात, शेजारी येऊन बसतेत, आणि "मंजी हाय का? मी मजेत हाय म्हणावं" असं ओरडतेत. माणूस शेजारी बसून मजेत हाय म्हणून ओरडत असल्यावर तो मजेत न्हाई हे मी कसं सांगावं?

येळवसीला, वेळा अमावास्येच्या जेवणाला, तुम्ही पोटाला पट्टा बांधून शेतात आला होता ते आठवतं ना? तेव्हा ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी अण्णा कसे तरतरीत झाले होते. (आंबील त्यांना बंद होती. तरी कडब्याच्या कोपीमागं जाऊन त्यांनी तांब्याभर मारली. मी बघितलं, तुम्हीही बघितलं, आणि दोघी गप्प बसलो. आपलं दोघींचं एकमत झाल्याचा तो माझ्या आठवणीतला पहिलाच प्रसंग.) सगळा उन्हाळा असाच जाईल असं वाटलं होतं. गोळ्या वेळेवर, तोंडाला फडकं, बाहेरचं खाणं बंद. गावातल्या लोकांचा आधी संशय होता की ह्यांनी पिऊन लिव्हर घालवलं (ज्या माणसाला खोकल्याचं औषध घेतलं तरी चढतं!), तेसुद्धा आता बांधावर येऊन त्यांना पथ्यपाणी विचारायला लागले होते, आणि हे पण डॉक्टर झाल्यासारखं सांगायला लागले होते.

मग वैशाखात माझ्या माहेरी, जनवाड्याला, भाचीचं लग्न निघालं. मी म्हणलं, गर्दीत येऊ नका. हे म्हणले, जावई नसला तर मांडवात काय शोभा? गेलो. हळदीच्या दिवशी माझ्या भावजयांनी जावयाला सोडलं न्हाई. गाल, हात, कान, टक्कल, सगळीकडं हळद. मी ओरडले, त्यांच्या टाक्यांना लावू नका. तर म्हणल्या, टाके सोडून सगळं लावलंय. मग सगळ्यांनी आंघोळी केल्या. नवरी उतरली, करवल्या उतरल्या, माझा भाऊ उतरला, तुमचे अण्णा काही उतरेनात. साबण झाला, डाळीचं पीठ झालं, मी गरम पाण्यानं पुन्हा घासलं. शेवटी भांड्याची घासणी हातात घेतली तेव्हा हे ओरडले, "अगं मानूस हाय मी, पातेलं न्हाई!" आणि ओरडताना डोळे मोठे केले. तेव्हा मला दिसलं. वन्सं, डोळ्यात कुणी हळद लावत न्हाई.

मी घासणी खाली ठेवली. त्यांनाही कळालं असावं, कारण त्यांनी आरशात बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि "जनवाड्याची हळद लई पक्की बग" असं म्हणून बाहेर जाऊन पंगतीत बसले. पण जेवले न्हाईत. पापड मोडत बसले.

पुढच्या आठवडाभरात अंगाला खाज सुटली. खाज म्हणजे डासाची न्हाई, आतून. दाराच्या चौकटीला पाठ लावून म्हशीसारखं घासत उभे राहायचे. माझं उलथनं नाहीसं झालं, ते त्यांच्या उशाखाली सापडलं. (ते उलथनं मी टाकून दिलं. दाजींना सांगा, आमच्याकडं आल्यावर थालिपीठ निर्धास्त खावं.) मग काही ऐकलं न्हाई, पप्पूला गाडी काढायला लावली आणि हैदराबाद गाठलं.

तिथं डॉक्टर नेत्रा तुम्हाला आठवत असतील, त्या बीदरच्या, बारीक अंगाच्या, ज्यांनी तुमच्या ऑपरेशनच्या आधी तुमच्याशी मराठीत बोलून तुम्हाला हसवलं होतं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि आम्हाला समोर बसवून समजावलं. आता हे नीट वाचा वन्सं, दोनदा वाचा. लिव्हर पित्त तयार करतं, आणि ते पित्त बारक्या नळीतून आतड्यात जातं. तुमचा तुकडा ह्यांना बसवला तेव्हा तुमच्या तुकड्याची नळी ह्यांच्या नळीला शिवली. लिव्हर एकदम चांगलं आहे, जोमात पित्त करतंय, पण जिथं शिवलं तिथं शिवण आकसली. पित्ताला पुढं जायला वाट न्हाई, म्हणून ते मागं तुंबलं आणि रक्तात चढलं. असं पुष्कळ जणांना होतं, त्यात देणाऱ्याची चूक न्हाई, घेणाऱ्याची न्हाई, शिवणाऱ्याचीही न्हाई. जखम भरताना कातडी आकसते तसंच ते. मी तरी पुन्हा विचारलं, म्हणजे तुकडा? तर त्या म्हणल्या, "मावशी, तुकडा चांगलाच हाय. असं लिव्हर आमाला रोज बगायला मिळत न्हाई." तुमच्या अण्णांना तर ते माझ्याआधी कळालं. म्हणले, म्हणजे मोटार चांगली हाय, पाइपाच्या सांध्यात गाळ बसलाय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, व्हय काका, तसंच. तेव्हापासून हे स्वतःच्या पोटाला "आपलं ड्रिप" म्हणतेत.

आधी तोंडातून दुर्बीण घालून आतल्या आत नळी बसवायचा प्रयत्न झाला. ते साधलं न्हाई, आतलं वळणच असं अडचणीचं होतं की तार पुढं सरकेना. मग उजव्या कुशीला, फासळ्यांच्या मधून, बारकी नळी लिव्हरात घातली आणि पित्त बाहेर काढून पिशवीत सोडलं. वन्सं, मी घाबरट न्हाई हे तुम्हाला माहीत आहे, पण नवऱ्याच्या कुशीतून नळी आणि नळीच्या टोकाला पिशवी बघून मी कॉटची दांडी धरली. हेच मला म्हणले, बस खाली, मी बरा हाय. आणि खरंच, चार दिवसांत डोळे उजळले, खाज गेली. पिशवीत काय येत होतं म्हणता, हिरवट सोनेरी, चकचकीत. परत येताना जहीराबादला चहासाठी थांबलो तर शेजारच्या बाकड्यावरच्या माणसानं विचारलं, "करडीचं तेल हाय का? कुटल्या घाण्याचं?" तुमच्या अण्णांनी गंभीर तोंड करून सांगितलं, "घरचंच हाय."

घरी आल्यावर त्या पिशवीला झाकायचं कसं हा प्रश्न पडला. ती कायम नळीच्या खालच्या अंगाला राहायला पाहिजे, वर उचलायची न्हाई. मी माझ्या जुन्या इरकल लुगड्याच्या काठाची झोळी शिवून दिली, ती खांद्यातून अडकवून हे गावात हिंडायला लागले. दुबलगुंडीत कुणाच्या पिशवीत काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं न विचारता राहणं लोकांना जड गेलं. आणि ह्यांनी कुणाला सांगितलं न्हाई. ह्यांना लाज वाटायची. आजाराची न्हाई वाटली कधी, पण त्या पिशवीची वाटली. आमच्या खोलीत दिवा बंद केला तरी ती झोळी पांघरुणाखाली घेऊन झोपायचे, जशी काय मी बघितलेलीच न्हाई.

आता पुढचं लिहू का नको, म्हणून चहा करून आले. लिहिते. तुम्ही मात्र जेवायच्या आधी वाचू नका.

झालं असं की पित्त सगळं बाहेर चाललं, आणि त्याच्याबरोबर अंगातलं पाणी आणि मीठही. हे वाळायला लागले. उठलं की चक्कर, बसलं की ग्लानी. डॉक्टर नेत्राबाईंना फोन केला तर त्यांनी मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, आणि ते पुरेना तेव्हा म्हणल्या, स्वच्छ भांड्यात धरा, थंड करा, कशाततरी मिसळा आणि काकांना परत पाजा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. न्हाई, तेच. पित्त पोटात गेलं की अन्न पचतं, बाहेर फेकून दिलं की माणूस खंगतो, म्हणून काही जणांना पाजावं लागतं. मी अण्णांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं काय लग्नापासून मी ह्याच दिवसाची वाट बघत होते.

मी कैरीचं पन्हं केलं, गूळ सढळ हातानं घातला, वेलदोडा घातला आणि त्यात ते मिसळलं. रंग इतका जुळला की मला स्वतःलाच कळेना कुठलं काय. देण्याआधी मी चमचाभर चाखलं. (हे कुणाला सांगू नका. डॉक्टरीणबाईंना कळालं तेव्हा लई रागावल्या.) मला वाटलं, ज्याला मी घोट घ्या म्हणते ते किती कडू आहे हे मला माहीत पाहिजे. वन्सं, ते इतकं कडू होतं की मला माझ्या सासूबाई आठवल्या. (तुमच्या आई होत्या, पण तुम्हीसुद्धा हसाल.) हे काही पिईनात. पेला तोंडापाशी न्यायचे आणि ठेवायचे. असा पेला ओसरीवर ठेवलेला असताना शेजारची रुद्रम्मा आली. तिची तुम्हाला ओळख आहे, बोलणं कानडीत सुरू करते आणि मराठीत संपवते, आणि दुसऱ्याच्या घरात बसायच्या आधी हात पुढं करते. ऊन लई हाय अक्का, म्हणाली आणि पेला उचलला. मी चुलीपाशी होते, हात पिठात. तुमच्या अण्णांनी, जे खांबाला धरल्याशिवाय उठत नव्हते, झडप घातली, तिच्या हातातून पेला हिसकला आणि उभ्या उभ्या सगळा घटाघटा पिऊन टाकला. मिशा पुसल्या. रुद्रम्मा बघतच राहिली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आजारपणात उद्धवराव इतके चिक्कू झालेत की दारी आलेल्या बाईला पेलाभर पन्हंसुद्धा देववत न्हाई.

मला वाटलं आता जमलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तोंड भिंतीकडं. मी चिडले. दिवसभर नळी धुवायची, गोळ्या द्यायच्या, आणि ह्या माणसाची मनधरणी करायची. मी म्हणलं, "अवं, हे तुमचं हाय असं वाटायलंय व्हय तुमाला? हे वन्संचं हाय. त्यांचं लिव्हर राबायलंय, त्येनं केलेलं हाय. बहिणीनं पोट चिरून दिलेलं तुमी मोरीत सांडायलाव?"

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. ह्यांनी तोंड भिंतीकडून वळवलं. मग उठून बसले, पेला घेतला, आणि हळूहळू, एकेक घोट, सगळा प्याले. औषध पितात तसं न्हाई. तीर्थ घेतल्यासारखं म्हणणार होते, पण तोंड एवढं वाकडं करून कुणी तीर्थ घेत न्हाई. पेला माझ्या हातात देऊन म्हणले, "ल्हानपनी मंजी माज्या ताटातलं खायची. आता बग." तेवढंच. त्यानंतर रोज प्याले, मला एकदाही सांगावं लागलं न्हाई.

सगळं असं रांगेला लागत होतं आणि मग ती शेळी आली. शेळी रुद्रम्माचीच. मृग कोरडाच चालला होता, त्यातली एक दुपार होती. ह्यांना जनावराजवळ जायची मनाई होती, तरी लिंबाखाली बाज टाकून हे बसले होते, आणि झोळी बाजेच्या कडेला लोंबत होती. माझ्या इरकलीचा काठ त्या शेळीला काय वाटला कोण जाणे, तिनं तो तोंडात धरला आणि चालू लागली. हे ओरडले, शेळी बुजली, पळाली. मी बाहेर येईपर्यंत झोळी अंगणात आणि हे कूस दाबून बसलेले. नळी सगळी निघाली नव्हती, पण बोटभर बाहेर आली होती. वरून पट्टी लावली. हे म्हणले, दुखत न्हाई, उगं आरडू नको. आणि पुढच्याच दिवशी थंडी भरून आली. दात वाजायला लागले. त्या उकाड्यात दोन वाकळा घातल्या तरी बाज हलत होती.

हैदराबादचा तो रस्ता मी किती वेळा केला असेल, पण तेवढा लांब कधी वाटला न्हाई. पप्पू गाडी चालवत होता आणि आरशातून सारखा मागं बघत होता. मी त्याला म्हणलं, पुढं बघ, मागचं मी बघते. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. अंग तव्यासारखं. आधी काहीतरी बडबडत होते, बियाण्याची गोणी ओलीत ठेवू नका, मोटारीची पेटी लावून घ्या. मग गप्प झाले. मला वाटलं झोपले. मग डोळे न उघडता म्हणले, "नागू, मंजीला सांगू नको."

मी म्हणलं, "कामून?"

"तिला वाटंल, तिनं दिलेलं खराब व्हतं. जल्मभर तेच धरून बसंल ती. मी गेलो तर... ताप आला म्हनून सांगा. लिव्हर चांगलं व्हतं म्हनून सांगा."

पप्पूनं गाडी आणखी जोरात नेली. मी त्यांच्या कपाळावरचा ओला टॉवेल फिरवत राहिले. वन्सं, आपलं दोघींचं कधी फार जमलं न्हाई. कशावरून बिघडलं हे आता तुम्हालाही आठवत नसेल आणि मलाही न्हाई (साडीवरून, पण कुठल्या ते आठवत न्हाई). पण त्या रस्त्यावर मला असं वाटलं की ह्या जगात ह्या माणसाला धरून ठेवणाऱ्या दोनच बायका आहेत, एक मी, आणि एक त्याच्या पोटात रात्रंदिवस राबणारी तुम्ही.

पित्तात जंतू झाले होते आणि ते रक्तात गेले होते. आयसीयूत घेतलं. दाराबाहेर बसवलं. पप्पू औषधं आणायला खाली गेला आणि मी एकटी राहिले. तुम्हाला एक फोन आठवत असेल. मधल्या सुट्टीत केला होता, मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात, वैनी, काय झालं, ह्या वेळेला? आणि मी म्हणलं, काही न्हाई, शेवग्याच्या शेंगा लई लागल्यात, पाठवू का विचारायला केलता. तुम्ही हसलात आणि म्हणालात, पाठवा की. तो फोन मी त्या दाराबाहेरून केला होता. तुमचा आवाज ऐकला आणि सांगायचं धैर्य गेलं, आणि ऐकला म्हणून तिथं बसून राहायचं धैर्य आलं. (शेंगा पाठवल्या न्हाईत हे तुम्ही मनात धरलं असणार. शेवगा वाऱ्यात मोडला, हे मात्र खरं आहे.)

ताप उतरायला वेळ लागला. मग डॉक्टरांनी नवी नळी घातली, आणि ह्या वेळी ती आकसलेल्या जागेतून पार पुढं, आतड्यापर्यंत नेली. आधी त्या जागेत बारका फुगा फुगवून वाट मोठी केली. आता पित्त आतल्या आत, जिथं जायचं तिथंच जातंय. बाहेरच्या टोकाला बूच लावलंय, पिशवी गेली, झोळी गेली. नळी अजून काही महिने राहणार, मधे मधे बदलावी लागणार, आणि वाट नीट उघडी राहिली की काढून टाकणार. पुन्हा ताप आला तर पळत या, म्हणून सांगितलंय. म्हणजे सगळं संपलं असं न्हाई. पण डोळे पांढरे आहेत, जीभ चालती आहे, आणि काल कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीशी खाल्ली आणि चटणी तुमच्या आईच्या हातची न्हाई म्हणून मला ऐकवलं. तेव्हा मला खात्री पटली की माणूस बरा झाला.

रुद्रम्मानं शेळीच्या वतीनं माणिकनगरला जाऊन नारळ फोडला आणि प्रसाद घेऊन आली. ओसरीवर बसली, पण पेला पुढं केला तर घेईना. म्हणाली, "नको अक्का, ह्येंचा जीव हाय पन्ह्यात." मग मी तिला सगळं सांगितलं, पेल्यात काय होतं ते पण. ती आधी पांढरी पडली आणि मग एवढी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. आता गावभर तीच सांगत हिंडते की उद्धवरावांनी आपला जीव वाचवला.

तर वन्सं, झालं ते एवढं. तुमच्याकडनं काही कमी पडलं न्हाई. तुम्ही दिलेलं एक दिवससुद्धा आळसलं न्हाई. ह्यांच्या अंगात ताप होता, जंतू होते, तरी ते आपलं काम करत होतं. बाजारातल्या त्या माणसाला सांगा. आणि जेवत जा. दाजी पप्पूजवळ म्हणले की तुम्ही अर्धी भाकरी ठेवून उठता. तुमचं लिव्हर दोन ठिकाणी आहे, इकडच्याला मी खाऊ घालते, तिकडच्याला तुम्ही घाला.

दाजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. उत्तर पाठवू नका, अण्णा फोडतील.

तुमची वैनी,
नागूबाई

ता. क. खरं म्हणजे हे सगळं लिहिलं ते ह्यासाठी. पंचमी जवळ आली. दरवर्षी अण्णा मुराळी म्हणून तुम्हाला आणायला येतेत. ह्या वर्षी ते नळी घेऊन बसमध्ये बसू शकत न्हाईत, आणि पप्पूला पाठव म्हणलं तर म्हणतेत, नळी निघू दे, मग मीच जाईन, अशा अवतारात मंजीला तोंड दाखवणार न्हाई. मुराळी आला न्हाई म्हणून तुम्ही तिकडं बसणार, नळी निघाली न्हाई म्हणून हे इकडं बसणार. तर मी येते. बाई मुराळी म्हणून जात न्हाई, भावजय तर न्हाईच न्हाई, पण शेळीनं नवरा ओढून नेलेला जिनं बघितला तिला आता कशाची लाज वाटत न्हाई. पुढच्या शनिवारी सकाळच्या उदगीर गाडीनं येते. पिशवी भरून ठेवा. साडी कुठली का असेना, मी काही म्हणणार न्हाई.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात अण्णा उठून मागं उभे राहिले. कुणाला लिहायलीस म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं, म्हणलं आता ओरडायचं ते ओरडा. हे खाली बसले आणि नखं बघत म्हणले की त्यांनी परवा रुद्रम्माच्या फोनवरून दाजींना फोन करून सगळं सांगून टाकलंय, पिशवी, शेळी, पन्हं, सगळं, आणि शेवटी "मंजीला सांगू नका" म्हणून बजावलंय. दाजींनी ते तुम्हाला तिथल्या तिथं सांगितलं असणार हे मला इथं बसून कळतंय. आणि आत्ता पप्पू सांगत आला की तुम्ही दोघं उद्याच निघालात, मुराळ्याची वाट न बघता.

म्हणजे हे पत्र टाकायची काही गरज न्हाई. तरी टाकते. तुम्ही परत उदगीरला जाल तेव्हा ते तिथं आलेलं असेल, मग वाचा. कारण उद्या तुम्ही दारात उभ्या राहिलात की ह्यातलं एक अक्षर माझ्या तोंडातून निघणार न्हाई. मी म्हणेन, उशीर केलात, गाडीला गर्दी होती का, आणि चहात साखर किती घालू.